मागच्या माणसाचा आकडा

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी अप्पांनी आपल्या मुलीला विचारलं, "बाई, तुम्ही कुणाकडं आलात?"

कस्तुरी डबा भरत होती. तिला वाटलं, अप्पा थट्टा करतायत. ती वळली. अप्पा पलंगाच्या कडेला बसून शर्टाचं एकच बटण पुन्हा पुन्हा लावत होते. कपाळावर घाम होता, ओठ पांढरे पडले होते. विश्वनाथ बिराजदार यांनी लातूरच्या एका शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं होतं. हा माणूस घाबरून कधी कुणाला अहोजाहो करत नसे.

तिनं कपाटातून जुनं साखर मोजायचं यंत्र काढलं आणि त्यांच्या बोटाला सुई टोचली. आकडा आला शेहेचाळीस.

पाण्यात चार चमचे साखर ढवळून तिनं ग्लास त्यांच्या तोंडाला लावला. मग त्यांचा शर्ट वर करून पोटावरची पट्टी उचकटून टेबलावर ठेवली. बारा मिनिटांनी अप्पांनी डोळे नीट उघडले.

"कस्तुरी, काय करायलीस गं? डबा राहिला की तुझा."

तिला रडू आलं, पण रडायला वेळ नव्हता. ती पट्टी पाठवणाऱ्या ठिकाणीच ती नोकरीला होती.

'मधुबंध' योजनेला तेव्हा सहा वर्षं झाली होती. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत दोन लाख दहा हजार मधुमेही ती पट्टी पोटावर लावून हिंडत. पट्टीत एक बारीक संवेदक होता आणि इन्शुलिनची इवलीशी पिशवी. पट्टी स्वस्त ठेवायची म्हणून तिला स्वतःचा मेंदू दिला नव्हता. दर पाच मिनिटांनी ती रक्तातली साखर मोजायची आणि लातूरच्या सर्व्हरला कळवायची. सोबत रुग्णाचा क्रमांक आणि डॉक्टरांनी ठरवून दिलेला 'मात्रांक' असायचा. याच साखरेला या माणसाला किती इन्शुलिन लागतं, ते त्या मात्रांकावरून कळे. सर्व्हर हिशेब करून उत्तर पाठवी आणि पट्टी तेवढं औषध आत सोडी. अप्पांचा मात्रांक होता एक.

कस्तुरीनं लॅपटॉप उघडून अप्पांच्या क्रमांकाची नोंद काढली. सकाळी पावणेसातला साखर एकशे अठ्ठेचाळीस होती. त्यावर दोन युनिट जायला हवी होती, गेली होती नऊ. हिशेबात मात्रांक धरला होता साडेचार.

साडेचार हा अप्पांचा आकडा नव्हताच. तिनं वरची ओळ वाचली. अप्पांच्या निरोपाच्या अगदी आधी परांड्याच्या एका पट्टीचा निरोप आला होता. रुग्ण अठ्ठावीस वर्षांचा, वजन एकशे चार किलो, मात्रांक साडेचार.

शेजारच्या जैनब भाभींना हाक मारून तिनं अप्पांना त्यांच्या हवाली केलं. "पट्टी आज लावायची नाही," असं अप्पांना दोनदा बजावलं आणि स्कूटर काढली.

ऑफिसात पोचेपर्यंत तिच्या मनात एक शंका पक्की झाली होती. अप्पांच्या पट्टीची बॅटरी उतरली होती. बॅटरी दहा टक्क्यांच्या खाली गेली की पट्टी काटकसर करते आणि लहान निरोप पाठवते. त्यात फक्त क्रमांक आणि साखर असते, मात्रांक नसतो. तो आला नाही की सगळ्यांत कमी, धोका नसलेला डोस द्यायचा, असं प्रोग्रॅममध्ये पहिल्यापासून लिहिलेलं होतं. मग प्रोग्रॅमला साडेचार मिळाला कुठून?

तिनं उदगीरला फोन लावला. दामोदर कंधारकर निवृत्त होऊन तिथं राहत होते. मधुबंधचा मूळ प्रोग्रॅम त्यांनी एकहाती लिहिला होता, वेबसाइटींसाठी पूर्वापार वापरल्या जाणाऱ्या एका स्क्रिप्ट भाषेत. कस्तुरी त्यांच्याच हाताखाली शिकली होती.

"सर, निरोपातला मात्रांक तुम्ही कुठून वाचता?"

"भाषेच्या पेटीतून," कंधारकर म्हणाले. "का गं?"

पेटी म्हणजे काय, हे त्यांनीच तिला पहिल्या दिवशी समजावलं होतं. प्रोग्रॅममध्ये माहिती ज्यात ठेवतात त्याला व्हेरिएबल म्हणतात. साधं व्हेरिएबल ज्या कामापुरतं बनवलं त्या कामापुरतंच असतं. शेजारच्या कामाला ते दिसत नाही, हातात द्यावं लागतं. पण या भाषेत काही ग्लोबल व्हेरिएबल आयतीच मिळतात. आपण ती बनवायची नाहीत, मागायची नाहीत. प्रोग्रॅमची पहिली ओळ चालण्याआधीच भाषा ती भरून ठेवते. कोण आलंय, कुठून आलंय, किती वाजता आणि काय घेऊन आलंय, हे सगळं त्यात असतं. प्रोग्रॅमच्या कुठल्याही कोपऱ्यातून हात घालावा आणि हवं ते काढावं. लिहिणाऱ्याला याच्यासारखी सोय नाही.

आणि ही सोय निर्धोक होती, कारण तो प्रोग्रॅम अल्पायुषी होता. निरोप आला की तो जन्माला यायचा, उत्तर द्यायचा आणि मरायचा. पुढच्या निरोपाला नवा जन्म, नवी कोरी पेटी. मागच्या माणसाचं काही मागे उरायचंच नाही.

"सर, आता तो मरत नाही," कस्तुरी म्हणाली. "एकोणीस दिवसांपूर्वी आपण 'अखंड' बसवलं."



'अखंड' हा नवा सर्व्हर होता. रुग्ण वाढत गेले तसं दर सेकंदाला सातशे निरोप येऊ लागले. प्रत्येकासाठी प्रोग्रॅमनं जन्मायचं आणि मरायचं म्हटलं तर जुना सर्व्हर तीनशेच्या पुढे जात नव्हता. अखंडनं तो जन्ममरणाचा वेळच वाचवला होता. प्रोग्रॅम एकदा चालू करायचा तो चालूच ठेवायचा. नवा निरोप आला की त्याच पेटीतल्या जुन्या आकड्यांवर नवे आकडे लिहायचे.

"आणि जो आकडा आलाच नाही, त्याच्या कप्प्यात?" कंधारकरांनी विचारलं. उत्तर त्यांना ठाऊक होतं.

"मागच्या माणसाचा तसाच राहतो."

"मी एकशे चाळीस ठिकाणी थेट त्या पेटीत हात घातलाय, पोरी. रिकामी असेल तर रिकामीच मिळेल, या भरवशावर. तेव्हा वाटलं, कशाला प्रत्येक ठिकाणी हातात देत बसायचं." मग त्यांनी विचारलं, "कुणाला काही झालंय का?"

"बघते," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

एकोणीस दिवसांच्या नोंदी चाळायला तिला पंचवीस मिनिटं लागली. परक्या मात्रांकावर हजारो डोस गेले होते. बहुतेकांचं निभावलं होतं, कारण मागच्या माणसाचा आकडा जवळपास तेवढाच निघाला होता. सतरा डोस भयंकर होते. त्यांतली एक पट्टी अप्पांची होती. पंधरा अजून निरोप पाठवत होत्या. सतरावी आठ दिवसांपूर्वी थांबली होती. कौसाबाई माने, वय एकाहत्तर, निलंग्याजवळचं एक गाव. शेरा होता : पट्टी परत, मृत्यू, वृद्धापकाळ.

कस्तुरीनं पाण्याची बाटली उचलली आणि न पिताच खाली ठेवली.

अखंड बसवण्याआधी चाचणी झाली होती. दहा हजार निरोप पाठवून उत्तरं तपासली होती, एकही चूक नव्हती. सगळे निरोप पूर्ण होते. उतरलेल्या बॅटरीचा लहान निरोप पाठवून बघायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. ती चाचणी कस्तुरीनं बेतली होती आणि कागदाखाली सही तिचीच होती.

प्रकल्प संचालक हेमंत पानसे साडेदहाला आले. तिनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. माणूस वाईट नव्हता. ऐकता ऐकता ते खुर्चीत बसले.

"आत्ता या क्षणी किती जणांची बॅटरी उतरलेली आहे?"

"एक हजार तीनशे चार."

"मग एक ओळ टाक ना. प्रत्येक निरोपाआधी पेटी रिकामी करायची. पाच मिनिटांचं काम आहे."

ती ओळ तिनं मघाच लिहून ठेवली होती. समोर पडद्यावर होती.

"सर, पेटीखेरीज आणखी काय काय मागे राहतं, ते मला माहीत नाही. तपासायला दोन दिवस लागतील. न तपासता टाकायची म्हणजे दोन लाख माणसांवर चाचणी करायची. एकदा केलीय मी ती."

"मग तुझं म्हणणं काय?"

"अखंड बंद करू. जुन्या सर्व्हरवर जाऊ."

"तो झेपेल?"

"पाच मिनिटांऐवजी बारा मिनिटांनी निरोप घेतला तर झेपेल. आणि बदल करताना अकरा मिनिटं कुणालाच उत्तर मिळणार नाही."

पानसे उठून तिच्या पडद्यापाशी आले. "लहान मुलं आहेत आपल्याकडे, नऊ हजार. बारा मिनिटांत त्यांची साखर कुठल्या कुठं जाते, ठाऊक आहे ना? तू सतरा जणांसाठी त्या मुलांना टांगणीला लावणार. अखंडवाल्यांची माणसं पाचपर्यंत पुण्याहून पोचतील, तोवर थांबू. तेवढ्यात बॅटरी चार्ज करा म्हणून सगळ्यांना मेसेज पाठव."

"मेसेज पाठवलाय. मुलांना पाच मिनिटांवरच ठेवू, बाकीच्यांना साडेबारावर नेऊ. हिशेब केलाय मी, बसतो." तिनं कागद पुढे सरकवला.

पानशांनी कागद वाचला. तो बरोबर होता, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. तरी ते म्हणाले, "वरून परवानगी घ्यावी लागेल. उत्तर थांबवायचं म्हणजे सगळीकडे बातमी जाईल. मी फोन करतो. तोवर कशाला हात लावू नकोस."

ते आपल्या खोलीत गेले आणि दार लागलं.

कस्तुरी उतरलेल्या बॅटऱ्यांची यादी बघत बसली. मेसेजमुळे आकडा हळूहळू कमी होत होता. बाराशे ऐंशी. बाराशे बासष्ट. मग यादीत तळाशी एक नवा क्रमांक आला. तिला तो पाठ होता.

अप्पांनी पट्टी पुन्हा लावली होती.

तिनं घरी फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला. मग जैनब भाभींना लावला.

"अगं, मी आत्ताच आले माझ्याकडं," भाभी म्हणाल्या. "बरे होते की ते. मला म्हणाले, आता मी झोपतो, तुम्ही जावा. पोटाला ते चिकटवत होते. म्हटलं, कस्तुरी नको म्हणाली ना? तर म्हणाले, तिनंच सांगितलंय, एक मिनिटही काढायची नाही."

सहा वर्षांपूर्वी तिनं खरंच तसं सांगितलं होतं. सकाळचं बजावणं, डोकं ताळ्यावर नसताना ऐकलेलं, त्यांच्या लक्षातच राहिलं नव्हतं.

"भाभी, पळत जा. ती पट्टी ओढून काढा, ते काही म्हणोत."

पडद्यावर अप्पांची साखर एकशे बासष्ट दिसत होती. सकाळच्या साखरपाण्यानं वर गेली होती. नव्यानं लावलेली पट्टी पहिल्या निरोपाला फक्त साखर कळवते; पुढच्या निरोपाला डोस सुटणार होता. त्यांच्या आधी कोण येईल, कुणाचा आकडा पेटीत राहिलेला असेल, हे जगात कुणालाच सांगता आलं नसतं. निरोपाला तीन मिनिटं चाळीस सेकंद उरले होते.

ती उठली आणि पानशांचं दार न वाजवताच उघडलं. ते फोनवर बोलत होते.

"सर, मी बंद करतेय."

त्यांनी फोनवर हात ठेवला. "थांब. काय झालं मध्येच?"

"माझे वडील यादीत आलेत."

खोटं बोलता आलं असतं. नंतर पुष्कळांनी तिला विचारलं, हे सांगायची काय गरज होती. त्या वेळी तिला दुसरं काही सुचलं नाही.

पानसे सावकाश म्हणाले, "म्हणजे तू वडिलांसाठी दोन लाख लोकांना थांबवणार. हे उद्या कागदावर कसं दिसेल, कळतंय तुला?"

"कळतंय. पण ते यादीत नसते तरी मी हेच मागत होते. तुमच्याकडून मागत बसले होते, एवढीच चूक केली." "त्या यादीत बाराशे साठ जण आहेत, सर. प्रत्येकाचं कुणीतरी असेलच. त्या माणसांसमोर हा पडदा नाहीये, एवढंच."

पानसे हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. ती आपल्या जागेवर परतली. आधी सगळ्या पट्ट्यांना नव्या वेळेचा निरोप पाठवला, मुलांना पाच मिनिटं, इतरांना साडेबारा. मग अखंडचं नाव निवडलं आणि बंदची आज्ञा दिली.

पडद्यावर धावणाऱ्या ओळी थांबल्या.

सर्व्हर गप्प झाला की पट्टी स्वतःहून इन्शुलिनची अगदी बारीक धार चालू ठेवते. चार तास त्यावर निभतं. हे तिला माहीत होतं. खालच्या मजल्यावरचे मदतीचे फोन एकदम वाजायला लागले. चौथ्या मिनिटाला जुन्या सर्व्हरची पहिली यंत्रं जागी झाली. सातव्या मिनिटाला एक अडलं, ते तिनं वगळलं. आठव्या मिनिटाला तिचा मोबाइल वाजला.

"काढली गं बाई," जैनब भाभी धापा टाकत होत्या. "दाराला आतून कडी होती. खिडकीतून ओरडून ओरडून उठवलं. रागावलेत माझ्यावर."

"रागावू द्या," कस्तुरी म्हणाली, आणि तिला कळलं की आपण मघापासून उभ्याच आहोत.

अकरा मिनिटं वीस सेकंदांनी ओळी पुन्हा धावू लागल्या, पूर्वीपेक्षा संथ. तिनं पहिला लहान निरोप शोधून काढला. मात्रांकाचा कप्पा रिकामा होता आणि डोस सगळ्यांत कमी गेला होता. पानसे तिच्या मागे येऊन उभे होते. त्यांनीही तो वाचला. "कंधारकरांना कळव," एवढंच म्हणून ते गेले.

दुपारी अडीचला औशाहून खबर आली. एका नऊ वर्षांच्या मुलीच्या पट्टीनं नव्या वेळेचा निरोप नीट घेतला नव्हता. ती मोठ्यांच्या वेळेवर गेली होती. साखर चारशेवर चढली, तिला दवाखान्यात न्यावं लागलं. संध्याकाळी सहाला तिची आई फोनवर म्हणाली की पोरगी उठून बसलीय, बिस्किट मागतेय. तोवरचे साडेतीन तास कस्तुरीनं कसे काढले, हे ती पुढे कधी कुणाला बोलली नाही.

त्या दिवशी घरी गेल्यावर अप्पा तिच्याशी बोलेनात. थाळी पुढं ठेवल्यावर म्हणाले, "बॅटरी मी भरली नव्हती. चूक माझी आहे. तू लोकांची यंत्रं कशाला बंद केलीस?"

"चूक तुमची नाही, अप्पा. बॅटरी उतरली तरी काही होणार नाही, असंच ते बनवलेलं होतं. मी नीट तपासलं नाही."

मुलांच्या वह्या तपासताना बघायचे तसं अप्पांनी तिच्याकडे बघितलं. "पूर्ण निरोपच तपासलेस?"

"हो."

"शून्य घालून बघितलं नाहीस." ते म्हणाले. "माझ्या वर्गातली पोरं हीच चूक करायची. मी मार्क कापायचो." मग त्यांनी तिच्या ताटात स्वतःच भाकरी वाढली. "उद्यापासून रोज सकाळी ते बोटाला टोचायचं यंत्र वापरणार मी. तुझ्यावर विश्वास नाही म्हणून नाही. एवढं सगळं तुझ्या एकटीवर टाकलं होतं, ते बरोबर नव्हतं."

पुढे चौकशी झाली. परवानगीशिवाय सेवा थांबवली म्हणून कस्तुरीला तीन महिने निलंबित केलं. चाचणीतली चूक तिनं स्वतः लिहून दिली. कंधारकर न बोलावता साक्षीला आले आणि एकशे चाळीस जागांची यादी घेऊन आले. प्रोग्रॅम पुन्हा लिहायचं काम शेवटी त्या दोघांकडेच आलं. त्यात पेटीतून थेट वाचणारी एकही ओळ ठेवली नाही.

पण त्या सगळ्याआधी, पाचव्या दिवशी, कस्तुरी निलंग्याच्या गाडीत बसली. चौकशी संपेपर्यंत कुणाच्याही घरी जायचं नाही, असा लेखी आदेश तिला मिळाला होता.

मान्यांचं घर गावाच्या टोकाला होतं. कौसाबाईंचा मुलगा बालाजी कामावर गेला होता. दारात सून होती, संगीता, पस्तिशीची, डोळ्यांखाली काळी वर्तुळं आलेली. कस्तुरीनं आपलं नाव सांगितलं, कुठून आलो ते सांगितलं आणि पट्टीनं काय केलं तेही सांगितलं. त्या सकाळी कौसाबाईंना दोनऐवजी आठ युनिट गेली होती. झोपेतच साखर उतरली आणि त्या उठल्या नाहीत. तपासणारी मीच होते, असंही ती म्हणाली. बाई शिव्या देईल, हाकलून देईल, असं तिनं धरूनच ठेवलं होतं.

संगीता दाराच्या चौकटीला धरून खाली बसली.

"म्हणजे मी आदल्या रात्री त्यांना उशिरा जेवायला दिलं, म्हणून नाही?"

"नाही."

"नीट सांगा हो. त्या म्हणाल्या होत्या, भूक नाही. मी अर्धीच भाकरी दिली होती."

"त्याचा काहीएक संबंध नाही. पूर्ण जेवल्या असत्या तरी हेच झालं असतं."

संगीता उठून आत गेली आणि मोबाइल घेऊन आली. नंबर दोनदा चुकला. "माझी नणंद आहे," ती म्हणाली. "सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाली, माझ्या आईला उपाशी मारलं. त्या दिवसापासून हे पण माझ्याशी धड बोलत नाहीत. तुम्ही मला जे सांगितलं, तसंच्या तसं तिला सांगा. काही सोडू नका."

फोन लागला. कस्तुरीनं तो हातात घेतला आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं : आपलं नाव, आपलं काम, तो आकडा कुणाचा होता आणि कसा राहिला, कुणी तपासायचं होतं आणि कुणी तपासलं नाही. पलीकडून एकदाही मध्ये बोलणं झालं नाही. संगीता पदराचं टोक मुठीत धरून कस्तुरीच्या तोंडाकडे बघत होती.

मग पलीकडची बाई म्हणाली, "वहिनीला द्या फोन."